संगणक कर्मचाऱ्यांतील मन्याशूल : हेतुविचार

लोणावळा, कामशेत, तळेगाव येथून लोकलने पुणे-पिंपरीकडे जाणारे संगणक कर्मचारी मान, खांदा व मनगटाच्या वेदना घेऊन आमच्याकडे येतात. बहुतेकांनी तेल व गुग्गुळकल्प आधीच वापरलेले असतात. वेदना शमतात व पुन्हा उद्भवतात, कारण हेतू तसाच राहतो.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पहिल्या अध्यायात मन्यास्तंभाच्या हेतूंमध्ये दिवास्वाप व विकृत आसन यांची गणना केली आहे. म्हणून रुग्णास पुढील बाबी अवश्य विचाराव्यात :

1) पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत आहे काय? लॅपटॉपवर मान झुकतेच. तो उंचावर ठेवून कळफलक वेगळा जोडावा.

2) माउस दूर असल्याने हात अधांतरी राहतो काय? कोपरास आधार व मनगट सरळ असावे.

3) सलग बैठक किती वेळ? दर अर्ध्या तासाने उठावे.

4) कामाचा ताण, अपुरी झोप व प्रवासाचे तास किती?

स्नेहन, स्वेदन, नस्य यांची योजना अवस्थेनुसार करावीच. परंतु निदानपरिवर्जनावाचून ती अपुरी ठरते. औषधालयचालकांनीही तेलाची बाटली देताना हे चार प्रश्न विचारावेत.

अंगठा, तर्जनी व मध्यमा यांत रात्री मुंग्या येत असल्यास मनगटातील नाडीवरील दाबाची शंका घ्यावी. हाताची पकड दुर्बल होणे, चालताना तोल जाणे किंवा मलमूत्रावरील नियंत्रण सुटणे ही लक्षणे दिसल्यास मर्दन करू नये. रुग्णास तत्काळ तज्ज्ञांकडे पाठवावे. तेथे विलंब झाल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते.