खजिनदार झालीस ना, मग ऐक

अगं, मुलींच्या खो-खो मंडळाची खजिनदार झालीस हे कळलं आणि मला माझी जुनी खाकी पर्स आठवली. मीही इथे शीवलाच एका मंडळाचे पैसे सांभाळायचे. फी त्याच पर्समध्ये आणि घरचं दूध-भाजीही त्यातूनच. मार्चअखेर १,४०० रुपये जुळेनात. पदरचे भरले, पण सभेत ते सांगताना घशाला कोरड पडली होती. तू मंडळाची पिशवी वेगळी ठेव, कीर्द त्याच रात्री लिही. फी स्वतःच्या मोबाइलवर घेऊ नकोस, मंडळाच्या खात्याचा क्यूआर लाव.

पण मला खरं बोलायचंय ते फी माफीबद्दल. एखादीची दोन महिने फी येत नाही, शिकवणारे सर म्हणतात, ‘राहू दे’, आपण मान हलवतो. वहीत मात्र काहीच नाही. असं नको गं करूस. समजा ४० मुली आहेत, महिना २०० रुपये फी. म्हणजे येणं ८,००० झालं. त्यातल्या १० जणींना माफी असेल, तर २,००० ‘फी सवलत’ म्हणून लिहायचे. वर्षाचे २४,०००. मग देणगीदाराकडे जाऊन ‘मुलींसाठी काहीतरी द्या’ म्हणावं लागत नाही, आकडाच सांगता येतो. न लिहिलेली माफी कुठून वसूल होते, ठाऊक आहे? लालबागला सामन्याला जायच्या बसभाड्यातून, नी-कॅपमधून, केळ्यांतून.

आणि सवलतीची नावं कार्यकारिणीपुरतीच ठेव. आमची एक मुलगी फी थकली म्हणून ऐन मॅचला आलीच नाही. तिला कुणी एक शब्द बोललं नव्हतं. मैदानावर तिची बसायची पाटी त्या दिवशी रिकामीच राहिली, मला अजून दिसते.

बाकीचं थोडक्यात. मंडळाला आयकराची ८०जी मान्यता असेल तर मोठी देणगी चेकनेच घे, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. ट्रस्टची नोंदणी आहे ना? मग नवी कार्यकारिणी आल्यापासून ९० दिवसांत वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट जायला हवा. सरांना आजच विचार. आणि वही सुवाच्य लिही. शिवाजी पार्कचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५पासून चाललंय. एवढ्या वर्षांत वही किती हातांतून जात असेल, बघ. तुझ्यानंतर येणारीला तुझं अक्षर लागलं पाहिजे.

उद्या सरावानंतर ये. जुनं पावतीपुस्तक आण, शेवटचा नंबर कुठला फाटलाय ते आधी बघू.