हातचा एक

“शाळेंत मुलगा काड्या मोजीत बसतो, मग शिकतो तरी केव्हां?” असा प्रश्न बालवर्गांतील मुलांचे पालक आम्हांस पुष्कळ वेळां विचारतात. प्रश्न रास्त आहे. पोटास चिमटा घेऊन मुलास शाळेंत पाठविणाऱ्या पालकास त्याचें उत्तर मिळालेंच पाहिजे. तें द्यावें एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

प्रथम आमचीच एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं दुसऱ्या इयत्तेंत एक मुलगा होता. दहापर्यंतचे पाढे त्यास तोंडपाठ होते. परंतु तेविसांत नऊ मिळवावयास सांगितले, कीं तो पाटीवर २१२ असें उत्तर लिही. तीन आणि नऊ बारा. ते बारा तो एकंच्या घरांत सबंध मांडी व डावीकडचे दोन तसेच ठेवी. आम्हीं त्याजकडून “हातचा एक, हातचा एक” असें शंभरदां घोकून घेतलें, त्याजवर रागें भरलों, त्यास बाकावर उभेंही केलें. शेवटीं त्याचे वडील “याच्या डोक्यांत विद्या शिरत नाहीं, यास आतां कामास लावतों,” असें म्हणूं लागले. आणि सांगावयास लाज वाटते, पण आम्हांसही तें खरें वाटूं लागलें होतें.

त्या सुमारास आम्हीं खराट्याच्या हिरांचे सारखे तुकडे करून वर्गांत ठेविले. त्या मुलास तेवीस काड्या मोजून दहादहांच्या जुड्या बांधावयास सांगितलें. दोन जुड्या झाल्या, तीन काड्या सुट्या उरल्या. मग आणखी नऊ काड्या त्याच्या पुढें ठेविल्या. सुट्या काड्या बारा झाल्या. त्यानें त्यांतल्या दहा मोजून दोऱ्यानें बांधल्या, ती जुडी हातांत धरली आणि विचारलें, “गुरुजी, ही आतां जुड्यांत ठेवूं ना?” हातचा एक तो हाच! इतके दिवस तो नुसता त्याच्या कानीं पडत होता. त्या दिवशीं तो खरोखर हातीं आला. त्यानें तीन जुड्या व दोन काड्या मोजल्या आणि पाटीवर ३२ लिहिले. मठ्ठपणा त्याचा नव्हता. आम्हीं त्यास शब्द दिला होता, वस्तु दिली नव्हती, एवढेंच.

यांतील मर्म पालकांनीं ध्यानांत घ्यावें. २३ या संख्येंतील २ म्हणजे दोन नव्हेत, वीस होत. मोठ्या माणसास हें इतकें अंगवळणीं पडलेलें असतें, कीं त्यांत शिकण्यासारखें कांहीं आहे हेंच तो विसरतो. परंतु सहा-सात वर्षांच्या मुलास तो एक नुसता आंकडा दिसतो. जुडी पाहिली, बांधली, सोडली, म्हणजे दहाची एक व एकाच्या दहा कशा होतात हें त्यास उमगतें. बत्तिसांतून सात वजा करावयाचे असले, कीं सुट्या काड्या दोनच. मग एक जुडी सोडावीच लागते. ज्यानें ती आपल्या हातानें सोडली, त्यास ‘दशकाकडून उसना घेणें’ म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं.

ही कल्पना आमची नव्हे. जर्मनींत फ्रोबेल यांनीं १८३७ सालीं लहान मुलांसाठीं चेंडू, ठोकळे इत्यादि साधनांनीं शिकविण्याची संस्था काढिली व १८४० सालीं तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हें नांव दिलें. १८५१ सालीं प्रशियाच्या सरकारनें अशा शाळांस बंदी केली. ती १८६० सालीं उठली. खेळांतून शिकविण्याबद्दल संशय हा असा जुना आहे! पुढें १९०७ सालीं रोम शहरांतील एका गरीब वस्तींत डॉ. मारिया माँटेसरी यांनीं आपलें बालगृह उघडलें. खरखरीत कागदाचीं अक्षरें करून त्यांवरून बोट फिरवावयास लावणें ही त्यांच्या पद्धतींतील एक प्रसिद्ध कृति होय. आपल्या वाडवडिलांस ती अगदींच परकी वाटली नसती. धूळपाटीवर बोटानें धुळाक्षरें गिरविण्याची चाल आपल्याकडे होतीच. घ आणि ध, भ आणि म यांत घोटाळा करणाऱ्या मुलास आजही ताटांत वाळू पसरून तीं अक्षरें बोटानें काढावयास लावावीं. डोळा चुकतो तेथें बोट वाट दाखवितें.

साधनें महाग असावीं लागतात असेंही नाहीं. श्रीमती ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामबालशिक्षणाचें कार्य आरंभिलें; अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. पुढें १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. गरिबांचीं मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं शाळाच त्यांच्या आंगणांत नेली, तीच अंगणवाडी. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा भरविली. खडे, शिंपले, बिया, पानें हेंच तेथील शिक्षणाचें साहित्य. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानेंही ३ ते ८ वर्षांच्या मुलांच्या शिक्षणांत खेळ व कृति यांस अग्रस्थान दिलें आहे.

तथापि एक इशारा देणें अवश्य आहे. वर्गांत काड्या वाटल्या म्हणजे शिक्षण झालें असें नव्हे. प्रथम हातानें करावें, मग केलेलें तोंडानें सांगावें, आणि त्यानंतरच पाटीवर लिहावें, हा क्रम मोडूं नये. मुलगा नुसत्या काड्या मांडून उठला तर तो खेळ झाला, “मीं दहांची जुडी कां बांधली?” हें त्यानें सांगितलें तर तो अभ्यास झाला. तसेंच, समज आल्यावर काड्या बाजूस ठेवाव्या. पांगुळगाडा चालावयास शिकवितो, पण तो जन्मभर धरावयाचा नसतो. पाढेही पाठ असलेच पाहिजेत. मात्र अर्थ आधीं, पाठांतर मागाहून.

पालकांस आमची विनंति आहे, कीं मूल घरीं आल्यावर “आज काय लिहिलें?” एवढेंच विचारूं नये, “आज काय केलें, तें मला करून दाखव,” असेंही म्हणावें. मूठभर चिंचोके घेऊन त्याच्याजवळ बसावें. ज्यांस स्वतःस शाळा मिळाली नाहीं, त्या मातापित्यांसही हें करतां येईल. आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनो, घरीं धाकटें भावंड उदाहरण चुकलें तर त्यास हंसूं नका. दहा काड्या गोळा करा, दोरा द्या, आणि जुडी त्यासच बांधूं द्या.

तो मुलगा कामास गेला नाहीं. वर्षअखेर तो वर्गांत पहिला आला असें नाहीं. पण पास झाला, आणि पुढल्या वर्षीं बालवर्गांतील मुलांस जुड्या बांधावयास तोच शिकवीत होता. त्यास बाकावर उभें केल्याची आठवण आम्हीं मुद्दाम जतन केली आहे. एखादें मूल मठ्ठ आहे असें म्हणण्याचा मोह झाला, कीं ती उपयोगीं पडते.