शुक्रवार म्हणजे उपास : एका आयरिश शब्दाची ओळख



आयर्लंड म्हटले की आपल्याला संत पॅट्रिक आठवतात. त्या देशाची स्वतःची आयरिश भाषा आहे. १९३७ च्या राज्यघटनेने तिला पहिल्या अधिकृत भाषेचा मान दिला. या भाषेत शुक्रवारला म्हणतात ‘ईन्य’. या शब्दाचा मूळ अर्थ आहे ‘उपास’!

शब्द आला कोठून?

पाचव्या शतकात मिशनऱ्यांनी आयर्लंडमध्ये शुभवर्तमान नेले. त्यांच्याबरोबर लॅटिन भाषाही गेली. लॅटिनमध्ये उपासाला ‘येयुनियुम’ म्हणतात. आयरिश लोकांच्या तोंडी तो शब्द झिजत झिजत ‘ईन्य’ झाला. प्रभू येशूने ज्या दिवशी क्रुसावर प्राण अर्पण केला, त्या दिवशी ख्रिस्ती लोक उपास करीत. म्हणून उपासाचेच नाव वाराला पडले.

आरंभीच्या ख्रिस्तसभेत बुधवारीही उपास असे. ‘डिडाखे’ या प्राचीन ग्रंथात बुधवार आणि शुक्रवार हे उपासाचे दिवस सांगितले आहेत. म्हणून आयरिशमध्ये बुधवार झाला ‘केदीन’, म्हणजे पहिला उपास. मग गुरुवार? तो ‘देर्दीन’, म्हणजे दोन उपासांमधला दिवस! अर्धा आठवडा उपासानेच मोजला जात होता.

बाकीच्या वारांची नावे रोमन लोकांकडून आली. ‘लुअन’ चंद्राचा, ‘मार्त्’ मंगळाचा, ‘सहर्न’ शनीचा. आपले सोमवार, मंगळवार, शनिवार अगदी तसेच. रविवार मात्र ‘दोनख’, म्हणजे प्रभूचा दिवस.

थोडे व्याकरण

‘ईन्य’ हे नाम स्त्रीलिंगी आहे. ‘शुक्रवारी’ असे सांगायचे तर त्याआधी ‘दे’ लावतात. दोन स्वर एकमेकांना भिडू नयेत म्हणून मध्ये ‘ह’ येतो आणि ‘दे हीन्य’ असे म्हटले जाते. गुरुवारला मात्र वेगळा ‘दे’ लावत नाहीत, कारण ‘देर्दीन’मध्ये तो आधीच दडलेला आहे. गुड फ्रायडेला ‘ईन्य अन ह्येस्त’ म्हणतात, म्हणजे क्रुसावरील यातनांचा शुक्रवार.

हा ‘दे’ म्हणजे दिवस. आज आयरिशमध्ये दिवसाला ‘ला’ हा दुसराच शब्द आहे. जुना शब्द वारांच्या नावांत उरला. आपला ‘दिवस’ आणि हा ‘दे’ एकाच प्राचीन मुळातून आले आहेत. आयरिशमध्ये देवाला ‘दीअ’ म्हणतात. तो आपल्या ‘देव’ शब्दाचा भाऊबंदच. इतक्या दूरच्या भाषेत आपले नातेवाईक भेटावेत, हे नवलच नाही का?

शब्द राहिला, उपास?

आज आयर्लंडमध्ये उपासाला सहसा ‘त्रोस्क’ हा वेगळा शब्द वापरतात. ‘ईन्य’ म्हणजे फक्त शुक्रवार. शब्द रोज तोंडी असतो, पण त्यातला उपास कोणाच्या लक्षात येतो?

१९ मार्च २०१० रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आयर्लंडच्या भाविकांना एक पत्र लिहिले. तेथे काही धर्मगुरूंनी व धर्मबंधूंनी लहान मुलांवर अत्याचार केले होते, आणि वरिष्ठांनी ते झाकून ठेवले होते. पोप महोदयांनी त्याबद्दल दुःख व लाज व्यक्त केली आणि २०११ च्या ईस्टरपर्यंत शुक्रवारचे प्रायश्चित्त आयर्लंडच्या ख्रिस्तसभेसाठी अर्पण करण्यास सांगितले. ज्या भाषेत शुक्रवारचे नावच उपास आहे, तिच्या माणसांना शुक्रवारची आठवण करून द्यावी लागली. अर्थात, केवळ उपासाने पीडितांना न्याय मिळत नाही. त्यासाठी सत्य उघड करावे लागते. संदेष्टा यशया (अध्याय ५८) हेच शिकवतो : अन्यायाची बंधने तोडणे आणि भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे, हाच देवाला आवडणारा उपास.

आपल्या मराठीत शुक्रवारच्या नावात उपास नाही. तो आपल्या वागण्यात दिसावा लागेल. येत्या शुक्रवारी मासे-मटण वर्ज्य करू, तेव्हा वाचलेले पैसे कोणाच्या ताटात जातील? जेवायला बसण्यापूर्वी घरातील मुलांना ‘ईन्य’ची ही गोष्ट सांगू या, आणि त्या ताटाचा विचार त्यांच्याबरोबरच करू या.