ज्याच्या त्याच्या पायांचा डोंगर

आपला गोंदिया जिल्हा धानाचा आणि तळ्यांचा. बांधीतला चिखल तुडवणारी आपली माणसे. दिवसभर वाकून रोवणी करतील, पण हूं की चूं करणार नाहीत. म्हणून आपल्याला वाटते, डोंगर तो काय! बोलता बोलता चढू.

पण रोवणीची मेहनत वेगळी आणि चढणीची वेगळी. चढताना माणूस आपलेच वजन उचलून वर नेत असतो. साठ किलोचा माणूस शंभर मीटर उंच चढला, म्हणजे साठ किलोचे पोते त्याने शंभर मीटर वर नेले. सपाटीवर कोसभर चालून न दमणारा गडीसुद्धा चढणीवर धापा टाकतो, तो यामुळेच. त्यात कमीपणा काही नाही.

आपल्याकडे लोक डोंगरावर जातात ते बहुधा जत्रेला. मग घरातले सगळेच निघतात. आजी निघते, कडेवरचे लेकरू निघते, वीस वर्षांचा नातूही निघतो. आदल्या रात्री ओसरीवर बोलणे चालते.

"आजी, तू राहा घरी. तुझ्याच्याने होणार नाही."

"काहून नाही होणार? तुझा बाप पोटात होता, तेव्हा चढली मी!"

नातवाला आजीची काळजी आहे. आजीला देवाची ओढ आहे. पण दोघांनीही विचारायचे ते विचारलेच नाही. डोंगर कोणता? महिना कोणता? वर पोचायला वेळ किती? एवढे कळले, तर आजीला घरी ठेवायची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

चालायची सवय नसेल, तर सुरुवात नवेगावबांधला करावी. कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे ज्याच्याबद्दल सांगतात, तेच हे तळे. सभोवती डोंगर आहेत, त्यांना लोक सात बहिणी म्हणतात. इथे शिखर गाठायचे नाही. पाळीवरून चालायचे, थोडा चढउतार करायचा, आपला दम किती ते ओळखायचे. मात्र हे व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आहे. वनखात्याला विचारल्याशिवाय आत शिरू नये.

पुढची पायरी डोंगरगडची, आणि तिथे खरोखरच पायऱ्या आहेत. हे गाव छत्तीसगडात. आमगाव, सालेकसा, दरेकसा करीत गाडी तिथे पोचते. नवरात्रात आपल्या भागातली माणसे लोटतात. बमलेश्वरीचे मोठे देऊळ डोंगराच्या माथ्यावर आहे. हजाराहून जास्त पायऱ्या चढाव्या लागतात. वाट चुकण्याचे भय नाही, टेकायला जागा आहे, पाणी मिळते. पायऱ्या नको असतील तर रोपवेचा पाळणा आहे. आणि डोंगराच्या पायथ्याशी धाकट्या बमलेश्वरीचे देऊळ आहे. ज्याला चढवत नाही त्याने तिथे हात जोडावेत. मला ही सोय फार शहाणपणाची वाटते. वर जाणाऱ्यासाठी वरची देवी, खाली थांबणाऱ्यासाठी खालची. खाली थांबलेल्या माणसाची जत्रा अर्धी राहत नाही.

पण डोंगर तोच असला तरी महिना बदलला की तो बदलतो. आश्विनात पाऊस सरलेला असतो, हवा बरी असते. चैत्रात दगडी पायरी दहा वाजताच तापते. आश्विनात चढलेली आजी चैत्रात दुपारी चढेलच असे नाही. चैत्रात जायचे तर उजाडताच चढावे आणि ऊन तापायच्या आत खाली यावे.

तिसरा डोंगर कचारगड. हा सालेकसा तालुक्यात, दरेकसाजवळ. माघ पौर्णिमेला इथे गोंडी समाजाची मोठी जत्रा भरते. महाराष्ट्र, मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, कुठून कुठून माणसे येतात. आपल्या पूर्वजांना पारी कुपार लिंगोने याच गुहेतून सोडवले, अशी त्यांची श्रद्धा आहे. गुहा प्रचंड आहे. पण तिथे पोचायला धनेगावाकडून जंगलातली, दगडधोंड्यांची चढण चढावी लागते. पायऱ्यांवर पाय मोजून पडतो, दगडांवर तो प्रत्येक वेळी नवी जागा शोधतो. म्हणून तेवढ्याच उंचीला इथे जास्त दम लागतो आणि गुडघ्यांना जास्त त्रास होतो. हातात काठी हवी. पायात बूट हवा, चप्पल नको. गुडघे धरलेल्या माणसाने धनेगावालाच राहावे. तिथेही जत्रा भरलेली असते, नाचगाणे असते, सगेसोयरे भेटतात.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातला प्रतापगडही याच जातीचा. जुना किल्ला, महादेवाचे स्थान, आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा. महाशिवरात्रीला गर्दी उसळते. इथे एक गोष्ट सांभाळायची. शिवरात्रीला उपास असतो. रिकाम्या पोटी, पाणीही न पिता चढले की घेरी येते. साखरेच्या आजाराची गोळी किंवा इंजेक्शन घेणाऱ्याला तर यात मोठाच धोका आहे. त्याने उपास धरायचा की चढायचे, हे आधी डॉक्टरांना विचारावे. खिशात गुळाचा खडा असू द्यावा.

यापुढचे डोंगर तयारीच्या माणसांचे. विदर्भातले कितीतरी लोक नागपंचमीच्या सुमारास पचमढीला नागद्वारीच्या यात्रेला जातात. ती वाट वर्षातले थोडेच दिवस उघडते, आणि तेही भर पावसात. शेवाळलेले दगड, लोखंडी शिड्या, चढ आणि पुन्हा उतार. दूर अकोले तालुक्यात कळसूबाई आहे. महाराष्ट्रातले हे सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर. तिथेही कड्याला शिड्या लावल्या आहेत. धडधाकट माणसानेही अशा ठिकाणी एकदम जाऊ नये. महिनाभर आधी रोज चालावे, जवळची टेकडी चढून पाहावी.

आता वेळेचा हिशेब. युरोपात आल्प्स नावाचा बर्फाचा पर्वत आहे. त्याचा काही भाग स्वित्झर्लंड देशात येतो. तिथल्या डोंगरवाटांवर पाट्या असतात. साध्या वाटेची पाटी पिवळी. चढणीच्या वाटेला पांढरा-लाल-पांढरा पट्टा. कडेकपारीच्या, फक्त तरबेज माणसाच्या वाटेला पांढरा-निळा-पांढरा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही रंग कळतो. आणि त्या पाट्यांवर गाव किती किलोमीटर हे लिहीत नाहीत. किती वेळ लागेल ते लिहितात. डोंगरावर खरे माप वेळेचेच. आपल्या वाटांवर असे काही नाही. मग हिशेब आपणच करायचा.

स्कॉटलंडमध्ये विल्यम नाइस्मिथ नावाचे गिर्यारोहक होते. त्यांनी 1892 साली एक रीत सांगितली. आपल्या मापात ती अशी: एक किलोमीटर चालायला 12 मिनिटे धरा. शिवाय दर 100 मीटर चढाला 10 मिनिटे जादा धरा. समजा वाट 3 किलोमीटरची आहे आणि चढ 200 मीटरचा. चालण्याची 36 मिनिटे, चढाची 20. झाली 56 मिनिटे. पण ही चाल धडधाकट माणसाची, आणि यात विसावा धरलेला नाही. आजी किंवा लहान मूल सोबत असेल तर दुप्पट धरा. म्हणजे 112 मिनिटे, जवळजवळ दोन तास. उतरायलाही तेवढाच वेळ ठेवा. उतारावर दम लागत नाही, पण गुडघे भरून येतात आणि पाय घसरतो.

घरातल्या सर्वांत हळू माणसाचा वेळ, तोच सगळ्या मंडळीचा वेळ. पोरे पुढे पळतील, पळू द्या. पण मोठ्यांपैकी एकाने शेवटच्या माणसाच्या मागे चालावे. दमलेल्याला एकटे बसवून "आम्ही येतोच" म्हणून पुढे जाऊ नये. डोंगरात फोनला रेंज मिळेल याचा भरवसा नसतो. चुकामूक झाली तर कुठे भेटायचे, ते पायथ्याशीच ठरवावे. परत फिरायची वेळही तिथेच ठरवावी. वर जाऊन ठरवू म्हटले की कोणी फिरत नाही. समोरून उतरणाऱ्याला विचारा, "किती राहिले हो?" तो म्हणेल, "हे काय, आलेच!" डोंगरावर याच्याइतके खोटे दुसरे काही बोलत नाहीत.

आपला जिल्हा राज्याच्या पूर्व टोकाला. मुंबईपेक्षा आपल्याकडे दिवस सुमारे अर्धा तास आधी मावळतो. माघात सहाच्या सुमारास सूर्य जातो. झाडीत अंधार त्याच्याही आधी पडतो, आणि अस्वल तेव्हाच फिरायला निघते. मोहफुले पडू लागली की ते पहाटेही झाडाखाली असते. कड्याला आग्या मोहोळ दिसले तर खाली धूर करू नये, फटाका उडवू नये.

चालताना दम ओळखायची सोपी खूण अशी. चढता चढता बोलता येते का ते पाहा. बोलता येत असेल तर चाल ठीक आहे. शब्द तुटत असतील तर हळू व्हा. छातीत दाब वाटला, दरदरून घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर तो थकवा समजू नका. माणसाला तिथेच बसवा. त्याला एक पाऊलही चालवू नका. 108 नंबरला फोन लावा. रेंज नसेल तर एकाला खाली पळवा आणि झोळी किंवा खाट आणवा. उन्हाने ग्लानी आली तर सावलीत न्या, अंग ओले करा, वारा घाला. शुद्धीवर असेल तर एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा. बोलणे बरळल्यासारखे झाले किंवा शुद्ध गेली, तर तोंडात काही घालू नका. गार करीत करीत दवाखान्यात न्या.

हिशेब करून पाहा

वाट 4 किलोमीटरची आहे. चढ 300 मीटरचा आहे. आजी सोबत आहे. वर एक तास थांबायचे आहे. दिवस सहाला मावळतो, आणि त्याच्या तासभर आधी सगळ्यांना पायथ्याशी पोचायचे आहे. घरच्यांनी पायथ्याहून उशिरात उशिरा किती वाजता निघावे?