छेदरेषा संगणकावर चढवायच्या, तर पैसे कशाचे?

पाणलोटाचे काम असो वा भूशास्त्राचा प्रबंध, ही वेळ येतेच. टोपोशीटवर पेन्सिलीने ओढलेल्या दहाबारा छेदरेषा हातात असतात आणि त्या आता संगणकावरच्या नकाशात हव्या असतात. कोटेशनमध्ये सॉफ्टवेअरच्या परवान्याची रक्कम धरलेली दिसली, तर ती आधी खोडायला सांगा. क्यूजीआयएस फुकट आहे आणि या कामाला पुरून उरते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या (जीएसआय) ‘भूकोश’ या संकेतस्थळावरचे भूशास्त्रीय नकाशेही नोंदणी करून विनामूल्य उतरवता येतात.

पैसे लागतात ते स्कॅनिंगचे आणि माणसाच्या तासांचे. मोबाइलचा फोटो चालत नाही, कारण त्यात कडा वाकतात; सपाट स्कॅनच हवा. १:५०,००० च्या नकाशावर ३०० डीपीआयला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे सव्वाचार मीटर. त्याहून बारीक स्कॅनला जादा पैसे मोजू नका; अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलरेघच मुळी २५ मीटर रुंद असते!

खरी मेहनत नकाशा जागेवर बसवण्यात आहे. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट पद्धतीच्या. त्यांचे अक्षांश-रेखांश थेट जीपीएसचे समजून भरले, तर महाराष्ट्रात सगळा नकाशा शंभरेक मीटर सरकतो, म्हणजे विहीर ओढ्याच्या पलीकडे जाते. पुणे-नाशिकला यूटीएमचा पट्टा ४३, नागपूर-चंद्रपूरला ४४, हेही काम देतानाच लिहून द्या.

सरावलेल्या हाताला एक नकाशा बसवायला अर्धा तास, दहा रेषा ओढून नावे भरायला एक तास आणि तपासणीला अर्धा तास पुरतो. तासाला ३०० रुपये धरले, तर स्कॅन वगळून ६०० झाले. दर तुमच्या गावचा घाला, पण तास एवढेच. छेदाचे चित्र नव्याने काढून घेणे हे वेगळे काम, त्याचा भाव वेगळा ठरवा.

मी स्वतः एकदा फसलो आहे. डिजिटायझिंगवाल्याने सुरेख रंगीत पीडीएफ दिली. रेषा होत्या, पण त्या नुसते चित्र होत्या. निर्देशांक एकाही टोकाला नाही. सगळे काम पुन्हा करावे लागले. तेव्हापासून मी शेपफाइल किंवा जिओपॅकेज मागतो, आणि प्रत्येक रेषेसोबत तिचे नाव व मूळ शीटचा क्रमांक. रेषा कागदावरच्या ‘अ’ टोकाकडूनच सुरू झालेली हवी. उलटी ओढली, तर क्यूजीआयएस उंचीचा छेदही उलटा दाखवते आणि डोंगर डावीकडचा उजवीकडे जातो. रेषेला मध्ये वळण असेल, तर तेही जसेच्या तसे यायला हवे.

फाइल हाती आली की उपग्रहचित्रावर टाकून पाहा. नदीचा संगम, रस्त्याचा फाटा अशा दोन ओळखीच्या जागा जुळतात का आणि रेषेची लांबी कागदावर मोजलेल्या लांबीशी पटते का, हे बघायला दहा मिनिटे लागतात. तोवर निम्मे पैसे हातात ठेवा.