पाच हिशेब आणि एक सही



कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या रायगडातील, आपल्या पूर्वजांच्या गावांतून आजही कित्येक माणसे कुवेतला नोकरीस जातात. त्यांत बहुतेक आपले हिंदू व मुसलमान शेजारी. तिकडून मोटार अपघाताची बातमी आली की सारे गाव जिवाची काळजी करते. जीव वाचला की दुसरे दुखणे सुरू होते, ते नुकसानभरपाईचे. मोडलेले हाड काही महिन्यांत जुळते. हे दुखणे वर्षभरही चालते आणि माणसाला आतून पोखरते. या वेळच्या अभ्यासासाठी आम्ही हाच विषय घेतला आहे. आधार आहे मिश्नातील बावा कम्मा या भागाच्या आठव्या अध्यायाचा.

समजा, अलिबाग तालुक्यातील एक फिटर फहाहीलला राहतो. सकाळी कामावर जाताना दुसऱ्याची मोटार आदळली व त्याचा उजवा हात चिरडला. तो इस्पितळात पडून आहे. पोलिसांचे कागद अरबीत, विम्याचे कागद अरबीत. ज्याने धडक दिली तो एकदाही फिरकलेला नाही. घरून रोज रात्री फोन येतो आणि तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतो, "किती मिळतील?" आता या माणसाला राग येतो तो कोणाचा? चालकाचा, विमा कंपनीचा, मालकाचा, की बायकोचा? त्याचे त्यालाच सांगता येत नाही. राग एकगठ्ठा येतो, आणि एकगठ्ठा राग घेऊन तडजोडीस बसलेला माणूस एक तर सगळे उधळून लावतो, नाही तर कंटाळून मिळेल त्यावर सही करतो.

आपल्या हाखामांनी हा गठ्ठा सोडविला. डोळ्याबद्दल डोळा या तोरातील शब्दांचा अर्थ त्यांनी पैशाची भरपाई असा लावला आणि इजा करणाऱ्याकडे पाच हिशेब मागितले. नेझेक म्हणजे अवयवाचे कायमचे नुकसान. त्साआर म्हणजे वेदना. रिप्पूय म्हणजे औषधोपचार. शेवेत म्हणजे बुडालेली रोजी. बोशेत म्हणजे लाज, अपमान. शेवेतचा हिशेब मोठा गमतीचा आहे. हात गेलेल्या माणसाची रोजी काकडीच्या मळ्याच्या राखणदाराइतकी धरावी, कारण हाताची किंमत त्यास नेझेकमध्ये आधीच मिळालेली असते. एकाच दुःखाचे पैसे दोनदा नकोत आणि एकही दुःख बिनहिशेबी नको, अशी ही रीत. बोशेतबद्दल मात्र मिश्ना सांगते की छपरावरून खाली पडून कोणी दुसऱ्यास जखमी केले व त्यात त्याचा अपमानही झाला, तर जखमेचे द्यावे. लाजेचे देणे हेतू असेल तरच. मोटारीचा अपघात बहुधा याच जातीचा. म्हणून फिटरला जे सर्वांत जास्त टोचते, की दुसऱ्याने भरवावे लागते, आंघोळ घालावी लागते, त्याची किंमत या हिशेबात नाही. ती विम्याच्या माणसाकडून वसूल करू पाहणे म्हणजे चुकीच्या दारावर धडका देणे होय.

कुवेतचा कायदाही या विचाराहून फार दूर नाही. शरीराच्या इजेस तेथे दियेचे प्रमाण लागते. हा शब्द आमच्या कोकणी मुसलमान शेजाऱ्यांस परका नाही. इस्लामी शास्त्राप्रमाणे एका हातास पूर्ण दियेच्या निम्मे, एका बोटास दहावा हिस्सा. 1980 च्या नागरी कायद्याखाली पूर्ण दिया दीर्घकाळ 10,000 दिनार होती, 2025 मध्ये ती 20,000 करण्यात आली. मानसिक त्रासाची भरपाईही त्या कायद्यात आहे. रोजीचे पाहावे तर 2010 च्या कामगार कायद्यात आजारपणाची रजा पहिले 15 दिवस पूर्ण पगारी, पुढे 10-10 दिवस पाऊण, अर्ध्या व पाव पगारी, आणि शेवटचे 30 दिवस बिनपगारी. परंतु कामावर जाता-येता झालेली इजा कामावरचीच धरतात, आणि तिचे नियम याहून बरे आहेत. म्हणून आपण कोठे निघालो होतो हे पहिल्याच जबानीत नोंदवून घ्यावे.

आम्ही सुचवितो की जखमीच्या उशाशी एक वही असावी. पाच हिशेबांची पाच पाने. औषधाची पावती रिप्पूयच्या पानात; ज्या रात्री झोप लागली नाही ती तारीख त्साआरच्या पानात. सहावे पान रागाचे. ते कोणास दाखवायचे नाही, वकिलासही नाही. आणि पैशाचे बोलणे घरातील एकाच माणसाने, थोरल्या भावाने म्हणा, आठवड्यातून एकदाच करावे. बाकीच्या फोनवर मुलांच्या शाळेचे बोलावे. शेजारच्या खाटेवरील माणसास किती मिळाले ही चौकशी तर करूच नये. त्याचा हात निराळा, त्याचा खटला निराळा.

गमारातील आणखी एक गोष्ट आम्हांस फार आवडते. इजा करणारा म्हणतो, मीच तुला बरे करतो. जखमीने नकार दिला तर चालतो. तू मला दबा धरलेल्या सिंहासारखा दिसतोस, असे तो म्हणू शकतो. दीड हजार वर्षांपूर्वीचे लोक भीतीला असा मान देत होते! फुकट उपचार करणारा वैद्य आणतो म्हटले, तरी नाही म्हणता येते. उलट जखमी म्हणाला, पैसे हातात द्या, माझे मी पाहीन, तर दुसऱ्यासही हरकत घेता येते, कारण हा हयगय करील आणि दुखणे वाढवून पुन्हा मागायला येईल. दोन्हीकडचा अविश्वास धरूनच नियम केला आहे. तेव्हा चालकाचे तोंड पाहवत नसेल तर फिटरने स्वतःस कोते मनाचा समजू नये. बोलणी त्रयस्थामार्फत व्हावीत.

आणि एक दिवस तो चालक येतोच. हातात खजुराचा डबा, डोळ्यांत पाणी, आणि बहुधा खिशात तनाझुलचा, म्हणजे हक्क सोडल्याचा, अरबी कागद. येथे मन दोन्हीकडे ओढते. त्याच अध्यायात मिश्ना म्हणते की सर्व पैसे भरले तरी क्षमा मागेपर्यंत इजा करणारा सुटत नाही. आणि त्याने मागितली तर जखमीने कठोर होऊ नये. दाखला अब्राहाम व अबीमेलेख यांचा. बेरेशीथच्या विसाव्या अध्यायात अबीमेलेख मेंढरे, गुरे, दास-दासी देतो, सारा परत करतो, चांदीची हजार नाणी देतो. त्यानंतर अब्राहाम त्याच्यासाठी प्रार्थना करतो. क्रम ध्यानात घ्यावा. देणे आधी चुकते झाले, मग प्रार्थना.

फिटरने चालकास बसवून घ्यावे, चहा द्यावा, तोंडाने क्षमा करावी व मनापासून करावी. खजूर घ्यावेत. कागद मात्र अरबी वाचणाऱ्या भरवशाच्या माणसास किंवा वकिलास दाखविण्यासाठी ठेवून घ्यावा, आणि सही डॉक्टरांनी हाताचे कायमचे नुकसान किती हे लिहून दिल्यावर करावी. सही करावयाचा तो हात अजून प्लास्टरमध्येच आहे, हे त्यास सांगितले तरी पुरे.