सोन्याचा वर्ख

दसऱ्याला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आपट्याची पाने ‘सोने’ म्हणून आपण एकमेकांस देतो. तंजावरच्या जुन्या चित्रांवर मात्र खऱ्याखुऱ्या सोन्याची पाने आहेत. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तेथे राज्य स्थापिले. त्यांच्या वंशातील दुसरे सरफोजीराजे यांच्या काळात (१७९८ ते १८३२) ही चित्रकला राजाश्रयाने बहरली.

सोने ठोकून ठोकून अतिशय पातळ केले, की त्याचा वर्ख होतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी! उजेडापुढे धरला, तर त्यातून हिरवट प्रकाश पाझरतो. फुंकरीनेही तो उडून जातो. म्हणून कारागीर जणू श्वास आवरूनच काम करीत असतो.

पण वर्खाची पाळी उशिरा येते. आधी फळीवर कापड चिकटवून खडूची भुकटी व डिंक यांचा लेप देतात. तो वाळला की घासून गुळगुळीत करतात. मग देवाचा मुकुट, दागिने व महिरप लेपानेच उंच उठवून त्यांत काचेचे खडे बसवितात आणि वर्ख चिकटवितात. रंग त्यानंतर. या उठावामुळे समईच्या मंद प्रकाशातही सोने ठिकठिकाणी चमकते. सपाट सोन्याला ती शोभा नाही, असे मला वाटते.

बाजारातील सोनेरी चौकटींवर पुष्कळदा पितळी वर्ख असतो. वर रोगण न दिल्यास तो हवेने काळवंडतो. सोन्याला हवेची बाधा होत नाही. त्यामुळे जुन्या चित्रांतील रंग विटले, तरी मुकुट अजून झळकतात.